तेलाचं तापमान आणि आबांचा हात

तेल तापतं. हे एवढं साधं वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात माझी वीस वर्षं गेली आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय. माणसं हौसेने वेगाची गाडी घेतात, लॅपटॉप जोडून तिची ताकद वाढवून आणतात, मोठा टर्बो बसवतात, सायलेन्सर असा लावतात की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून पळावीत, आणि तेलाबद्दल विचारलं की म्हणतात, "दिवाळीला बदललंय ना, भाऊ." बदललं म्हणजे संपलं. इंजिनाच्या पोटात ते तेल कुठे कुठे फिरतं, काय काय सोसतं, याची कोणाला पडलेली नसते. पाण्याचा काटा मध्यावर आहे ना, मग सगळं आलबेल. पाण्याचा काटा मध्यावर असतो आणि तिकडे तेल एकशे चाळीसला जाऊन पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. मग एक दिवस बेअरिंग घासतात, इंजिन खडखड करायला लागतं, आणि गाडी दोरीने ओढत माझ्या दारात येते. वर मलाच विचारतात, असं कसं झालं?

माझं गॅरेज धुळ्यात, आग्रा रोडला. एक पत्र्याची शेड, एक खड्डा, मागे एक कडुलिंबाचं झाड. पोट भरतं ते साध्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगवर. पण जळगाव, भुसावळ, शिरपूर या सगळ्या पट्ट्यात कोणाला तेज गाडीचा आजार जडला की तो फिरून फिरून माझ्याकडे येतो, कारण तेलाचा कूलर नीट बसवणारा इथे दुसरा कोणी नाही. त्यात माझी हुशारी फार नाही. इथला उन्हाळाच असा आहे की बाहेरची हवा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची, तिने तेल गार करायचं म्हणजे तापलेल्या माणसाला गरम टॉवेलने पुसण्यातला प्रकार. पुण्यात जो कूलर पुरतो तो इथे पुरत नाही. हे मी गाड्या बिघडवून शिकलो, लपवत नाही.

कूलर म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर. बंपरच्या मागे, जिथे समोरची हवा लागते तिथे बसवायचा. इंजिनातून एक पाईप तेल घेऊन येतो, दुसरा परत नेतो. दोन्हींच्या मुळाशी, ऑईल फिल्टरच्या खाली, एक चकती बसते आणि तिच्यात एक थर्मोस्टॅट असतो. तो म्हणजे दरवाजा. तेल ऐंशी-पंच्याऐंशीला पोचेपर्यंत दरवाजा बंद, तेल इंजिनातल्या इंजिनात फिरतं. त्यापुढे गेलं की दरवाजा उघडतो आणि तेल कूलरमध्ये जातं. लोक म्हणतात दरवाजा हवाच कशाला, कायम गार राहिलेलं काय वाईट? वाईट असतं. थंड तेल जाड असतं, वेळेवर पोचत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही. तेलाला गरम व्हावंच लागतं, फक्त किती ते आपण ठरवायचं. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. आबांनी शिकवलं.

आबा म्हणजे माझे वडील. शिंदखेडा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून उठून ते दीपनगरच्या वीज केंद्रात लागले आणि टर्बाइनवर निवृत्त झाले. टर्बाइनचा तो एवढा मोठा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, आणि त्या तेलालाही कूलर असतात, घराएवढे. दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक बेअरिंगच्या तेलाचं तापमान टिपायचं, हे आबांचं काम. गेज लावलेले असायचेच, पण आबा गेजवर विसंबणारे नव्हते. ते पाईपाला हात लावायचे. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. तळहाताला कामाने घट्टे पडलेले असतात, तो खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आधी कूलरमध्ये जाणारा पाईप, मग येणारा. दोन्हींतला फरक बोटांना कळला पाहिजे.

त्यांच्या पाळीत एक पद्धत होती. वाचणारा एक आणि लिहिणारा एक. जो हात लावतो तो लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याने पाईपाला हात लावायचा नाही. दोघांनी हात लावला की एकाला पंचेचाळीस वाटतं, दुसऱ्याला पन्नास, मग दोघं मिळून सत्तेचाळीस लिहितात आणि ते दोघांचंही खरं नसतं. मी लहान असताना आबा हे जेवताना सांगायचे आणि आई अहिराणीत म्हणायची, "आते भाजी खा." पण ती पद्धत माझ्या अंगात मुरली. पुढे मी गॅरेज काढलं तेव्हाही कोणाला मदतीला घेतलं की एकाने वाचायचं, मी लिहायचं.

आई गेल्यावर आबा दीपनगरजवळचं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे धुळ्याला आले. पहिले दोन महिने पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. टीव्ही लावलेला, पण डोळे दाराकडे. माझी बायको म्हणाली, यांना कामाला लावा, नाहीतर घर यांना खायला उठेल. मी एके सकाळी म्हटलं, "आबा, एका गाडीचं तेल तापतंय, बघता का?" शर्ट बदलायला त्यांना जेमतेम मिनिट लागलं असेल. त्या दिवसापासून ते रोज माझ्याबरोबर यायचे. डोक्याला पांढरा रुमाल, शर्टाच्या खिशात पेन्सिल. गाडी फिरवून आणली की मी बोनेट उघडायचो, आबा गाडीला एक चक्कर मारून समोर यायचे, वाकायचे, बोटांची मागची बाजू कूलरच्या नटाला टेकवायचे आणि आकडा सांगायचे. "पंच्याण्णव." मीटर बघावं तर शहाण्णव. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. मीही फुशारक्या मारायचो, आमच्याकडे मीटर नसलं तरी चालतं. खरं सांगायचं तर त्या दोन-अडीच वर्षांत मला गॅरेजचा कंटाळा आला नाही, तो फक्त आबांमुळे. दुपारी लिंबाखाली बसून दोघं डबा खायचो, ते अहिराणीत बोलायचे, मी वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला, मराठीत उत्तर द्यायचो. त्यावरून ते मला अजून "सायब" म्हणून चिडवायचे.

या उन्हाळ्यात, आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली असताना, एक दाताचे डॉक्टर आले. जळगावचे, तरणे, बोलायला गोड. त्यांची गाडी टर्बो पेट्रोल, ताकद वाढवून आणलेली. आखाजीनंतर लगेच दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर ती पळवायची होती, तिथे बाकीचे मित्रही येणार होते. या गाडीत पाण्याचं तापमान दिसतं, तेलाचं दिसतच नाही. मी म्हटलं, कूलर बसवू, बरोबर तेलाचं मीटरही बसवू. कूलर माझ्याकडे होता. मीटरचा सेन्सर पुण्याहून यायचा होता आणि तो शुक्रवारशिवाय येणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, पण कूलर चालतोय की नाही ते तोवर कळेल ना? काही राहिलं असेल तर वेळ हातात पाहिजे." मी म्हटलं, "त्याची काळजी नको, आमचे आबा आहेत."

रविवारी कूलर बसवला. सोमवारी दुपारी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. सोनगीरपर्यंत हळू, पुढे नरडाण्यापर्यंत चांगली ताणली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रस्ते रुंद आणि सरळ आहेत, भर दुपारी तिथे कुत्रंही फिरकत नाही. चार फेऱ्या जोरात मारल्या, गाडी उभी केली, बोनेट उघडलं. उन्हाने डोळे दुखत होते. मी वही घेऊन बाजूला उभा राहिलो, पद्धतीप्रमाणे. आबा वाकले, बोटं लावली. काढली. परत लावली.

"जास नही," ते म्हणाले.

"काय जात नाही?"

"तेल जास नही कूलरमा. दोन्ही पाईप थंडा शेतस."

म्हणजे दरवाजा उघडत नाहीये, थर्मोस्टॅट अडकलाय, आणि मी हे इंजिन एवढं ताणलं. वहीत लिहिलं: दोन्ही थंड. परत येताना गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न मारून मारून मला शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंपर काढ, तेल काढ, फिल्टर काढ, चकती काढ. चकती इंजिनाच्या अशा कोपऱ्यात बसते की हात घालायला जागा नाही, कोपरापर्यंत साली निघतात. माझं वय आता पंचेचाळीसच्या पुढे, कंबर पूर्वीसारखी राहिलेली नाही. थर्मोस्टॅट काढला, घरून दुधाचं जुनं पातेलं मागवलं, त्यात पाणी उकळायला ठेवून थर्मोस्टॅट सोडला. ऐंशीच्या पुढे पाणी गेलं आणि तो छान उघडला. गार केला, परत सोडला, परत उघडला. आबा शेजारी उभे राहून बघत होते. मला वाटलं, विचार करतायत.

सगळं परत जोडलं, नवं तेल भरलं, दुपारी पुन्हा नरडाणा. आबांनी बोटं लावली. "थंडा शेतस." आता मात्र माझं डोकं चालेना. कूलरमध्ये कचरा अडकला असेल? मागे एका गाडीच्या कूलरवर जिनिंगच्या ट्रकांमागे धावून धावून रुईचा एवढा थर बसला होता की गादी भरता आली असती. पण ते बाहेरून. हा तर कोरा कूलर. तरी बुधवारी सकाळी तोही उतरवला, हवा मारली, आरपार जात होती. पाईप कुठे मुडपलाय का पाहिलं. उलटसुलट जोडले गेलेत का पाहिलं. डॉक्टरांचा फोन दिवसातून चारदा. "भाऊ, होईल ना?" होईल, होईल. मी आबांवर शंका घेतली नाही. घेणार तरी कशी? तीस वर्षं त्या हाताने टर्बाइन सांभाळलं होतं.

त्या दिवसांत डबा खाताना आबांचा उजवा हात रुमालात गुंडाळलेला. मी विचारलं तर म्हणाले, "चहा सांडना व्हता." मी परत पाईप बघायला गेलो. एवढं लक्ष मी त्यांच्याकडे दिलं, ते आठवलं की अजून स्वतःची चीड येते.

शेवटी बुधवारी दुपारी मी वैतागून थर्मोस्टॅटच काढून टाकला. चकतीतला दरवाजा काढला, म्हणजे आता तेलाला दुसरा मार्गच नाही, इंजिन चालू केल्याक्षणी ते कूलरमधून गेलंच पाहिजे. आखाजी दुसऱ्या दिवशी होती. आग्रा रोडला घागरी आणि खरबुजांच्या गाड्या लागलेल्या, बायकोने आंबे आणायला सांगितलेले. मी म्हटलं, शेवटचं एकदा नरडाण्याला जाऊन येऊ, मग आंबे घेऊ.

गाडी ताणली, थांबवली, बोनेट उघडलं. आबांनी रुमाल सोडला, वाकले आणि बोटं नटाला लावली. यावेळी बराच वेळ लावली. त्यांचे डोळे बारीक झाले होते, कान देऊन ऐकावं तसे.

"थंडा," ते म्हणाले.

मी पेन्सिल टेकवली आणि थांबलो. "आबा, आता आत दरवाजाच नाहीये," मी म्हटलं. "तेल जाणारच. थंड असूच शकत नाही."

मी वही मडगार्डवर आपटली आणि सगळी पद्धत बाजूला ठेवून तो नट मुठीत धरला. बोंब मारली मी. तळहाताची सालच निघाली. आईवरून शिवी दिली, कोणाला ते माहीत नाही, आणि हात झटकत आबांकडे वळलो. तेव्हा त्यांचा हात दिसला. तीन बोटांच्या पाठीवर ओळीने फोड. सोमवारचे काळपट पडलेले, मंगळवारचे फुटलेले, आणि आत्ताची जागा पांढरी, सुजत चाललेली. आबा त्या हाताकडे असे बघत होते की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गई दिवाळीपाईन," ते म्हणाले. "पहिले मुंग्या ये. मंग काहीच नही."

दिवाळीपासून. म्हणजे आख्खा हिवाळा, सहा महिने. त्या सहा महिन्यांत त्यांनी किती गाड्यांचे आकडे सांगितले होते, एक चुकला नव्हता. "मग आकडे कसे सांगत होता?"

आबांनी हनुवटीने गाडीच्या काचेकडे खूण केली. तिथे, काचेच्या कडेच्या खांबावर, मी प्रत्येक गाडीत तेलाचं मीटर बसवतो. बाहेरूनही दिसतं. गाडीला चक्कर मारून समोर यायची त्यांची जी सवय होती, ती चक्कर त्यासाठी होती. "काटा दिखस ना," ते म्हणाले. "या गाडीले काटाच नही."

"मग थंड का सांगितलं? तीन दिवस! गरम सांगितलं असतं तर सुटलो असतो दोघं."

"गरम सांगतू, अन् तेल खरंच जात नसतं तं? इंजिन जातं." ते अगदी शांतपणे म्हणाले, जसं पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगावं. "थंड सांगं, तं नुसती तुनी मेहनत गई."

आज हे वाक्य मी लिहितोय तेव्हा मला कळतं की यापेक्षा प्रामाणिक खोटं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. हात गेल्यावरही त्यांनी मशीन वाचवण्याचीच बाजू घेतली होती. पण तेव्हा मी उन्हात उभा होतो, तळहात जळत होता, कंबर मोडली होती, आणि मला फक्त शेवटचे शब्द ऐकू आले. नुसती माझी मेहनत. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं ते पुरेसं आहे. म्हटलं, तुमच्या नादात मी मूर्ख ठरलो. म्हटलं, हे गॅरेज आहे, तुमचा वेळ घालवायची जागा नाही. आणि म्हटलं, "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

आबांनी रुमाल परत हाताला गुंडाळला आणि गाडीत जाऊन बसले. आंबे घ्यायचे राहिले.

त्या संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, दाताच्या नाही, खऱ्या. त्यांनी आबांच्या बोटांना, पायांना टाचणी लावून पाहिली आणि विचारलं, "आजोबा, टोचतंय का?" आबा भिंतीकडे बघत "हो" म्हणायचे, पण टाचणी उचललेली असतानाही म्हणायचे. साखरेने नसा गेल्या होत्या. पाय तर हातांच्याही आधी. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येईल असं धरून चालू नका, आता जपायचं. आबांनी मान हलवली. मलमपट्टी करून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आबांनी पट्टी बांधलेल्या हाताने आईच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, हात जोडले. खापरावरची पुरणपोळी झाली होती, बायकोने शेवटी शेजाऱ्यांकडून आंबे मिळवून रस केला होता. आबांनी अर्धी पोळी खाल्ली. घास उचलताना ते हाताकडे बघत होते, कारण बोटांत पोळी आली की नाही ते बघूनच कळणार होतं. हे मी सहा महिने समोर बसून पाहिलं होतं आणि मला वाटायचं म्हातारपणी माणूस सावकाश जेवतो.

शुक्रवारी सेन्सर आला. थर्मोस्टॅट परत बसवला, मीटर जोडलं, एकट्याने नरडाण्याला गेलो. कितीही ताणली तरी तेल एकशे चारच्या वर गेलं नाही. पहिल्या दिवसापासून कूलर ठणठणीत होता. दाताचे डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि तिकडून त्यांनी फोन केला, भाऊ, काय काम केलंय, मस्त. मी बरं म्हटलं. आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही. दुपारी लिंबाखाली डबा उघडला आणि तसाच बंद केला. वीस वर्षांत एकट्याने जेवायला कधी जड गेलं नव्हतं, अडीच वर्षांत सवय बिघडली होती.

घरी बायको सांगायची, ते पुढच्या खोलीत बसून असतात. टीव्हीसुद्धा लावत नाहीत. सकाळी मी निघायच्या वेळेला आंघोळ करून, शर्ट घालून तयार असतात, मी गेलो की शर्ट काढून खुंटीला लावतात. मी त्यांची माफी मागायला पाहिजे होती. पण आमच्या घरात बापाची माफी कशी मागायची असते ते कोणी मला शिकवलेलं नाही. मी रोज ठरवायचो आणि रोज पुढच्या खोलीतून मान खाली घालून बाहेर पडायचो. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी भर दुपारी गॅरेज बंद करून घरी आलो. आबा खुर्चीवर होते. मी समोरच्या पलंगावर बसलो.

"चला आबा, एक गाडी आलीये."

"मी येइसन काय करू?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"मी वाचतो, तुम्ही लिहा."

"लिखाले कोणी बी चालस," ते म्हणाले. खरंच होतं ते. त्यांना कामाची पारख माझ्यापेक्षा जास्त, पोकळ काम त्यांना लगेच कळलं. मला आणखी एक-दोन बहाणे सुचत होते, गिऱ्हाइकं तुम्हाला विचारतात, हत्यारं लावायचीयेत. पण मी फार दमलो होतो. खोटं जुळवायचंही त्राण नव्हतं.

"काम काही नाही," मी म्हटलं. "गाडीबिडी पण कोणती आलेली नाही. मला तिथे एकट्याला करमत नाही, आबा. डबा खाववत नाही. त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

आबा खुर्चीवरून उठले. मग खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला, रुमाल डोक्याला बांधला आणि दाराबाहेर पडले. मी कुलूप-किल्ली शोधून मागोमाग आलो तर ते अंगण ओलांडून मोटरसायकलीपाशी पोचलेही होते. आमचं अंगण सिमेंटचं, मे महिन्यात दुपारी त्यावर पापड भाजून निघावा. आबांच्या डाव्या पायात चप्पल होती. उजवी उंबऱ्यापाशीच निसटून पडली होती आणि ते अनवाणी पाय त्या सिमेंटवर सपाट टेकून माझी वाट बघत शांत उभे होते.

मी चप्पल उचलून धावलो. "आबा, पाय!"

त्यांनी खाली पाहिलं. आधी पायाकडे, मग माझ्या हातातल्या चपलेकडे.

"तपेल शे का रे?" त्यांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा ते मला हे विचारत होते. "हो आबा," मी म्हटलं, "खूप तापलंय."

मी खाली बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि पाय उचलला. तळवा लाल झाला होता. मी चप्पल सरकवली, अंगठा नीट आत बसवला, तरी ते पाय तसाच वर धरून उभे होते, मी "झालं" म्हणेपर्यंत.